*सेनोस : 'जुना' या अर्थाचं प्रोटो-केल्टिक विशेषण, त्याचं मूळ आणि ते कसं चालायचं

ओघळ

केल्टिक भाषांवर इथे फारसं कुणी लिहीत नाही म्हणून मीच धागा काढतोय. आयरिश, वेल्श, ब्रेटन, स्कॉटिश गेलिक, मांक्स, कॉर्निश आणि फ्रान्समध्ये रोमन काळात बोलली जाणारी गॉलिश, या सगळ्यांची जी एक मूळ भाषा मानतात ती प्रोटो-केल्टिक. तिच्यात लिहिलेलं काहीही सापडलेलं नाही, वंशज भाषा एकमेकींशेजारी ठेवून मागे मागे जात ती उभी केलेली आहे. म्हणून शब्दाआधी फुली, ही फुली दिसली की समजायचं हा शब्द पुनर्रचित आहे.

माझा आवडता शब्द *सेनोस. अर्थ जुना, म्हातारा. जुन्या आयरिशमध्ये 'शेन', आजच्या आयरिशमध्ये 'शॅन', मांक्समध्येही जवळजवळ तेच, वेल्श आणि कॉर्निशमध्ये 'हेन'. आणि मराठी माणसाने इथे थांबून बघावं असं म्हणजे याचा संस्कृत भाऊ 'सन', म्हणजे जुना. त्यावरूनच 'सना' म्हणजे पूर्वीपासून, आणि त्यावरून 'सनातन'. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, तिथूनच सिनेट आणि सीनियर, पोर्तुगीजांचा 'सेन्योर' पण त्याच घरातला. लिथुआनियन 'सेनास', अवेस्तामध्ये (प्राचीन इराणी धर्मग्रंथ) 'हन', आर्मेनियन 'हिन', ग्रीक 'हेनोस'. ग्रीकांकडे महिन्याच्या शेवटच्या दिवसाला 'हेने काइ नेआ' म्हणायचे, जुनी आणि नवी, कारण त्या दिवशी जुना चंद्र संपून नवा लागतो. एवढ्या सगळ्या भाषांत इतका कमी बदललेला शब्द शोधून सापडत नाही.

आता चालवण्याकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पुल्लिंगी प्रथमा *सेनोस, द्वितीया *सेनोम, चतुर्थी *सेनूइ, षष्ठी *सेनी, हाक मारायला *सेने. स्त्रीलिंगी *सेना, षष्ठी *सेनास, चतुर्थी *सेनाइ. नपुंसकलिंगी *सेनोम. अनेकवचनात पुल्लिंगी प्रथमा *सेनोइ, द्वितीया *सेनूस, चतुर्थी *सेनोबोस, आणि स्त्रीलिंगी चतुर्थी *सेनाबोस. यातलं *सेनोइ बघा, संस्कृतमध्ये नामाला 'देवाः' होतं पण सर्वनामाला 'ते', 'सर्वे' होतं, तो 'ए' म्हणजे मूळचा 'ओइ'च. केल्टिकने सर्वनामाचा तो प्रत्यय उचलून सगळ्या नामा-विशेषणांना लावून टाकला, लॅटिन आणि ग्रीकनेही तेच केलं.

आता आजच्या आयरिश किंवा वेल्शमध्ये यातले शेवटचे स्वर आणि 'स' सगळे गळून गेलेत. 'सेनोस'चं 'शॅन' झालं, मागे काही उरलं नाही. मग तिथे 'ओस' होतं आणि 'आ' होतं हे कशावरून? तर ते प्रत्यय जाताना पुढच्या शब्दावर खूण ठेवून गेलेत. आयरिशमध्ये मोठा पुरुष म्हणजे 'फॅर मोर'. मोठी बाई म्हणजे 'बॅन वोर'. तोच 'मोर', पण बाईपुढे त्याचा 'म' मऊ होऊन 'व' झाला. का? पुरुष मूळचा *विरोस (आपला 'वीर'च), शेवटी 'स', त्यामुळे पुढचा 'म' जसाच्या तसा राहिला. बाई मूळची *बेना, शेवटी स्वर, आणि पुढचा 'म' दोन स्वरांच्या मधे सापडला म्हणून मऊ झाला. नंतर तो स्वर गेला आणि मऊपणा राहिला. आणि अनेकवचन घ्या, मोठे पुरुष म्हणजे 'फिर वोरा', इथे परत 'व', कारण *विरोइ, शेवटी स्वर. एकाच शब्दाच्या एकवचनानंतर 'म' आणि अनेकवचनानंतर 'व', हा हिशोब मूळ प्रत्यय धरल्याशिवाय लागतच नाही.

वेल्शमध्येही हेच. लहान मुलगा 'बाखगेन बाख', लहान मुलगी 'मेर्ख वाख'. १८३८ च्या सुमाराला जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रांत्स बोप यांनी हे दाखवून दिलं की हे शब्दारंभीचे बदल म्हणजे गेलेल्या प्रत्ययांची शिल्लक आहे, आणि तोपर्यंत केल्टिकला संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या, म्हणजे इंडो-युरोपीय कुटुंबात घ्यायचं की नाही यावर चाललेला वाद त्यानंतर फार काळ टिकला नाही. मला तर वाटतं संस्कृत येणाऱ्या माणसाला हे चटकन समजतं, कारण दोन शब्द शेजारी आले की संधी होणारच हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. हा संधी आहे, फक्त त्यातला पहिला स्वर आता उच्चारला जात नाही.

---

मिठबावकर

छान धागा. एक शंका, आपण 'सन १९४७' म्हणतो तो सन पण हाच का? जुना काळ, वर्ष वगैरे?

---

ओघळ

नाही, तो 'सन' अरबी आहे, अरबीत वर्षाला 'सनह'. 'इसवी सन', 'हिजरी सन' त्यातला. आणि सणवारातला 'सण' संस्कृत 'क्षण'वरून. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसता आवाज सारखा.

खुद्द मराठीत संस्कृत 'सन'चा बोलीतून उतरलेला वंशज मला दिसत नाही. आपला 'जुना' आला 'जूर्ण'वरून, प्राकृतात 'जुण्ण', म्हणजे झिजलेला, जीर्ण. 'सनातन' आपण थेट संस्कृतातून उचललेला.

---

सांजवारा

सनक, सनंदन, सनातन, सनत्कुमार !! कीर्तनात 'सनकादिक' ऐकत आलो पण चौघांच्याही नावात 'सन' ऐकू येतो हे आज लक्षात आलं. ब्रह्मदेवाचे मानसपुत्र, सगळ्यात आधी जन्मलेले आणि तरी कायम बालरूपात. म्हणजे 'सनत्कुमार'मध्ये एकाच शब्दात जुना आणि कुमार दोन्ही.

---

ओघळ

हो, 'सनत्' म्हणजे पूर्वीपासून, सदैव. सनक हा शब्द ऋग्वेदात साध्या 'जुना' या अर्थाने पण येतो.

आणि वेदाचं निघालंच आहे तर तर-तम रूपांबद्दल सांगतो, मूळ लेखात लांबण नको म्हणून ठेवलं होतं. जुन्या आयरिशमध्ये अधिक जुना म्हणजे 'शिनिउ', आजच्या आयरिशमध्ये 'शिने'. वेल्शमध्ये 'हेन'चं तर-रूप 'हीन' (आपल्या 'हीन'शी नातं नाही) आणि तम-रूप, म्हणजे सगळ्यात जुना, 'हनव'. हे सगळं जातं *सेन्यूस आणि *सेनिसामोस या रूपांकडे. यातलं *सेन्यूस म्हणजे लॅटिनमधलं 'सेनिओर'. आणि याचं सख्खं भावंड ऋग्वेदात आहे, तिसऱ्या मंडलात 'नव्यं कृणोमि सन्यसे पुराजाम्'. 'सन्यसे' म्हणजे त्या अधिक प्राचीनासाठी, 'सन्यस्'ची चतुर्थी (संन्यासाशी गल्लत करू नका). नवीन करतो मी, त्या पुरातनासाठी. यातला 'नव्य' पण केल्टिकमध्ये जसाच्या तसा आहे, *नोव्योस, वेल्श 'नेवीद', गॉलिश गावांच्या नावात 'नोव्योमागोस' म्हणजे नवं मैदान किंवा नवा बाजार, हॉलंडमधलं नायमेखन हे त्यातलंच एक. एका ओळीत दोन्ही शब्द, आणि दोन्ही आज वेल्समध्ये रोज बोलले जातात. ही ओळ केल्टिक चष्म्यातून पहिल्यांदा वाचली तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

तम-रूपाचं मात्र संस्कृतशी पूर्ण जुळत नाही. संस्कृतमध्ये 'इष्ठ' (ज्येष्ठ, कनिष्ठ), केल्टिकमध्ये 'इसामोस', लॅटिनमध्ये 'इस्सिमुस'. 'म' लावून तम-भाव दाखवायची सवय मात्र आपल्याकडेही आहे, 'परम', 'अधम', 'मध्यम' आठवा.

---

केतकी_डब्लिन

मी वाचनमात्र असते पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत आहे, आयरिश सगळ्यांना असतंच. तिच्या वहीत आज्जीला 'शॅन-वाहिर' असं काहीतरी आहे, आई म्हणजे 'माहिर' आणि त्याला 'शॅन' लावलं की 'म'चा 'व' होतो एवढं तिला पाठ आहे. लिहिताना 'म'पुढे 'ह' घालतात. मी तिला विचारलं का होतो, तर म्हणाली 'शॅन'नंतर होतोच. शिक्षिकेने पण एवढंच सांगितलंय. मग म्हणी शिकवल्या, म्हणीला 'शॅनोकल' म्हणतात, शब्द म्हणजे 'फोकल', तो 'फ' तर पूर्णच गेला. पण नंतर आलं 'शॅनदिने' म्हणजे म्हातारा माणूस आणि तिथे 'द'ला काहीच झालं नाही. हे काय आहे? तिला सांगायला मला नीट माहिती हवीये.

---

ओघळ

अहो किती छान उदाहरणं दिलीत, 'शॅन'चा गाभाच यात आहे.

आयरिशमध्ये विशेषण सहसा नामानंतर येतं, 'फॅर मोर'सारखं. 'शॅन' मात्र नामाच्या आधी येतो आणि त्याला चिकटून समास होतो. समासात विशेषणाला विभक्ती लागत नाही, नुसतं अंग वापरतात, जसं आपण 'महापुरुष', 'नवजात' म्हणतो. ते अंग होतं *सेनो. शेवटी 'ओ', म्हणजे स्वर. म्हणून लिंग कुठलंही असो, वचन कुठलंही असो, 'शॅन'नंतरचं व्यंजन नेहमी मऊ होतं. *सेनो-मातेर मधला 'म' दोन स्वरांत सापडला, 'व' झाला, मग 'ओ' गळला. 'फ' मऊ झाला की आयरिशमध्ये तो पूर्णच नाहीसा होतो, म्हणून 'शॅनोकल'.

आता 'शॅनदिने'. स्वर गळल्यावर 'न' आणि 'द' एकमेकांना भिडले. दोघेही जिभेचं टोक दाताशी लावून होणारे आवाज. अशा जोडीत मऊपणा टिकला नाही, 'द' परत कडक झाला. 'त' आणि 'स'चंही तसंच, जुनं घर 'शॅनत्याख', तिथेही 'त' शाबूत. म्हणजे मुलीला एवढं सांगा, 'शॅन'च्या शेवटी पूर्वी एक 'ओ' होता, त्याने पुढचं अक्षर मऊ केलं, फक्त द, त, स हे 'न'चे शेजारी असल्यामुळे वाचले.

वेल्शमध्ये मात्र हा अपवाद नाही. माणूस 'डीन', म्हातारा माणूस 'हेन दीन', तो 'द' इंग्रजी 'दिस'मधल्यासारखा. बाई 'ग्व्राइग', म्हातारी 'हेन व्राइग'. देश 'ग्व्लाद', आणि वेल्सच्या राष्ट्रगीतात 'हेन व्लाद', जुना देश. तिथेही विशेषणं सहसा मागून येतात पण 'हेन' पुढे.

---

केतकी_डब्लिन

समजलं! 'न'चे शेजारी वाचले, हे तिला लगेच कळेल. धन्यवाद.

---

निळा_डोंगर

'स'चा 'ह' झाला हे जरा सांगा ना. आयरिशमध्ये स राहिला, वेल्शमध्ये ह. आणि तुम्ही वर लिहिलंत अवेस्तात पण ह, ग्रीकमध्ये पण ह. मग वेल्श आणि इराणी जवळच्या का?

---

ओघळ

नाही, प्रत्येकीने हा बदल आपापला वेगळा केला. 'स'चा 'ह' होणं जगात फार ठिकाणी घडतं. इराणीत 'सप्त'चं 'हप्त', फारसीतून आपल्याकडे 'हफ्ता' आला, 'सिंधु'चं 'हिंदु'. ग्रीकमध्ये सातला 'हेप्ता'. वेल्शमध्ये मीठ 'हालेन', आयरिशमध्ये 'सालन'. सेव्हर्न नदीचं नाव रोमन लेखकांनी 'साब्रिना' लिहिलंय, आज वेल्शमध्ये ती 'हाव्रेन'. वेल्शमध्ये हे सरसकट मात्र नाही हां, सातला वेल्शमध्ये 'साइथ'च म्हणतात. जवळीक ठरवायची ती अशा एका आवाजावरून नाही, अनेक बदल एकत्र बघून.

---

पश्चिमवारा

कार्डिफला वेल्सची संसद आहे तिचं नाव 'सेनेद' आहे, २०२० पासून अधिकृत. हे सिनेटवरून म्हणजे याच 'सेन'वरून ना? मग तिथे 'हेनेद' का नाही झालं?

---

ओघळ

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर शब्दाच्या दोन्ही टोकांना आहे.

सुरुवातीचा 'स' सांगतो की हा शब्द घरचा नाही, लॅटिनमधून आलेला आहे. लॅटिनमधून वेल्शमध्ये आलेल्या शब्दांत 'स' टिकतो, संत म्हणजे 'सांत', साबण 'सेबोन', शनिवारला 'साडूर्न', तो लॅटिन 'सातुर्नी'.

शेवट बघितला तर तो सिनेटचा नाहीये. लॅटिनमधला दोन स्वरांतला 'त' वेल्शमध्ये 'ड' होतो, 'सातुर्नी'चं 'साडूर्न', जाळं 'रेते'चं 'रुइड'. लॅटिनमधला 'ड' मात्र वेल्शमध्ये तो मऊ 'द' होतो, 'ग्राडुस'चं 'ग्राद'. 'सेनेद'च्या शेवटी हा मऊ 'द' आहे, म्हणजे मूळ शब्दात 'ड' हवा. सिनेट तर 'सेनातुस', त्यात 'त'. त्यामुळे आवाजाच्या नियमाने तो जातो 'सिनोडुस'कडे, म्हणजे चर्चची धर्मसभा, मूळ ग्रीक, 'एकत्र' आणि 'वाट' या दोन शब्दांचा. अर्थ पुढे सिनेटच्या जवळ सरकला, पण रक्त वेगळं.

---

तळेगावचा_मी

माहितीपूर्ण आहे सगळं, पण मूळ शंका राहतेच. ही रूपं कुणी ऐकली नाहीत, लिहिलेली नाहीत. तुम्ही प्रत्यय धरता, त्याने आजचं रूप समजावता, आणि मग म्हणता आजच्या रूपामुळे प्रत्यय सिद्ध झाला. हे गोल गोल फिरणं झालं ना? शिवाय षष्ठी *सेनी इतक्या खात्रीने कशी? संस्कृतमध्ये तर 'देवस्य'.

---

ओघळ

शंका रास्त आहे. वर्तुळ तोडायला बाहेरचा पुरावा लागतो, आणि तो आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये व्हेझों इथे ग्रीक लिपीत कोरलेला एक गॉलिश शिलालेख मिळालाय. 'सेगोमारोस' नावाचा नीम शहरचा माणूस बेलेसामा देवीला पवित्र जागा अर्पण करतोय. 'सेगोमारोस'मधला 'मारोस' म्हणजे तोच आयरिश 'मोर', मोठा, आणि शेवटी 'ओस' दगडावर ठसठशीत कोरलेला आहे. देवीच्या नावातला 'सामा' पण बघा, वरच्या *सेनिसामोसचाच प्रत्यय तो मानतात. दुसरा लेख खुद्द नीमचा, 'मात्रेबो नामाउसिकाबो', म्हणजे नीमच्या मातांना. चतुर्थी अनेकवचन. संस्कृत 'मातृभ्यः' शेजारी ठेवा. मी वर *सेनाबोस दिलं ना, त्याचा 'आबो' हा इथे 'नामाउसिकाबो'मध्ये प्रत्यक्ष कोरलेला.

आणि आयर्लंडमध्ये ओघम लिपीतले दगड, केरी आणि कॉर्क भागात भरपूर, दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा मारून लिहिलेले, बहुतेक पाचव्या-सहाव्या शतकातले. त्यांवर सारखा येणारा शब्द 'माक्वी', म्हणजे मुलाचा, अमक्याच्या मुलाचा दगड. शेवटी षष्ठीची 'ई' कोरलेली दिसते. नंतरच्या हस्तलिखितांत तोच शब्द 'ई' गळून येतो. म्हणजे प्रत्यय गळण्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही टप्पे एकाच भाषेत हाताशी आहेत.

*सेनीच्या खात्रीबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे, प्रोटो-केल्टिकच्या सगळ्या तक्त्यात सगळ्यात डळमळीत जागा हीच. गॉलिश आणि आयरिशमध्ये 'ई', लॅटिनमध्येही 'ई'. पण स्पेनमधल्या केल्टिबेरियनमध्ये षष्ठीला 'ओ' येतो, बोतोरिताच्या कांस्यपत्र्यांची भाषा ती. आणि उत्तर इटलीतल्या लेपाँटिक या केल्टिक भाषेच्या जुन्या लेखांत 'ओइसो', त्याचं नातं बहुतेक जण 'ओस्यो'शी लावतात, म्हणजे तुमच्या 'देवस्य'मधल्या 'अस्य'शी. नंतरच्या लेपाँटिकमध्ये परत 'ई'. लॅटिनमध्येही असंच, १९७७ मध्ये इटलीत सात्रिकुमला एक दगड सापडला, इसवीसनपूर्व ५०० च्या आसपासचा, त्यावर 'पोप्लिओसिओ वालेसिओसिओ' असं षष्ठीत नाव आहे, पुढच्या लॅटिनमध्ये ते 'पुब्ली वालेरी' झालं असतं. म्हणजे 'ओस्यो' आणि 'ई' दोन्ही काही काळ शेजारी नांदत असणार आणि प्रत्येक भाषेने आपली निवड केली. म्हणून तक्त्यात नुसतं *सेनी लिहून पुढे जाणं मला पटत नाही, तिथे टीप हवीच.

---

तळेगावचा_मी

'मातृभ्यः' आणि 'मात्रेबो' हे शेजारी बघून पटलं. षष्ठीची जागा डळमळीत आहे हे तुम्ही स्वतःच सांगितलंत ते बरं केलंत.

---

सांजवारा

ब्रेटनचं काय? सुरुवातीला नाव घेतलंत आणि नंतर तिचं 'हेन' कुठे आलंच नाही.

---

ओघळ

ब्रेटनमध्ये रोजच्या वापरात जुन्याला आणि म्हाताऱ्याला 'कोज' म्हणतात, कॉर्निशमध्येही त्याचंच भावंड 'कोथ' चालतो. *सेनोसचा ब्रेटन वंशज मागे पडला, पण तम-रूप 'हेनान' अजून आहे, घरातला थोरला. भावंडांत थोरला कोण हे सांगायला तो शब्द लागायचाच, म्हणून तेवढा राहिला. आयरिशमध्येही वयाने मोठा सांगायचं तर 'शिने'च येतो. संस्कृतमध्ये मात्र थोरल्यासाठी 'ज्येष्ठ' पुढे आला आणि 'सन्यस्' वेदातच थांबला.

*नोव्योसवर वेगळा धागा काढतो, त्यात 'नेवीद'मधला शेवटचा मऊ 'द' कुठून आला ते लिहीन, तिथे मूळ शब्दात 'ड' नाहीच आहे, 'य' आहे.